बर्फावरची हॉकी आणि पदवीचा हिशेब

बोस्टनच्या उपनगरांत, न्यू जर्सीत, मिनिआपोलिसच्या आसपास किंवा टोरांटोच्या परिसरात ज्यांनी बिऱ्हाडे थाटली, आणि ज्यांच्या मुलामुलींनी घरात क्रिकेटवाचून दुसऱ्या खेळाची वार्ता नसताना पहाटेच्या अंधारात स्केट्सची थैली खांद्याला लावून बर्फाच्या रिंगणाची वाट धरली, अशी मराठी कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत. आणि मूल नववी-दहावीत गेले की त्या घरांतून एकच पृच्छा वारंवार ऐकू येते, ती ही की हा खेळ महाविद्यालयापर्यंत नेता येईल काय, आणि नेला तर विद्येची हेळसांड होणार नाही ना. प्रश्न रास्त आहे. परंतु तो विचारणारे पालक बहुधा गुणवत्ता यादीच्या राज्यात वाढलेले असतात : बारावीचे गुण, प्रवेशपरीक्षेतील क्रमांक, यादी लागली, नाव आले, शुल्क भरले, संपले. अमेरिकेतील कॉलेज हॉकीच्या भरतीत अशी यादी कधीच लागत नाही. तेथे प्रवेश देणारी कचेरी निराळी, खेळाडू हेरणारा प्रशिक्षक निराळा, द्रव्यसाहाय्य ठरवणारे दप्तर निराळे, आणि या तिघांच्याही डोक्यावर जी कॉन्फरन्स असते तिचे दंडक आणखी निराळे. या चार सत्तांचा परस्परसंबंध ज्याला उमगला त्याचे निम्मे काम झाले; ज्याला तो उमगला नाही तो प्रशिक्षकाच्या गोड पत्रावर विसंबून दोन वर्षे खर्ची घालतो.

प्रथम रचना ध्यानात घ्यावी. एन.सी.ए.ए. या राष्ट्रीय संस्थेच्या पहिल्या विभागात पुरुषांची हॉकी खेळणारी महाविद्यालये साठाहून थोडी अधिक आहेत, आणि काही स्वतंत्र संघ सोडले तर ती सारी सहा कॉन्फरन्समध्ये विभागलेली आहेत : पूर्वेकडील हॉकी ईस्ट, ई.सी.ए.सी. आणि अटलांटिक हॉकी अमेरिका, मध्यपश्चिमेतील बिग टेन आणि सी.सी.एच.ए., आणि डेन्व्हर, नॉर्थ डकोटा यांसारख्या मातब्बरांची एन.सी.एच.सी. फुटबॉल-बास्केटबॉलच्या जगातील मोठी नावे पाहून या खेळातील उंची मोजू नये, कारण येथे न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, कॅन्टनसारख्या चिमुकल्या गावी वसलेले सेंट लॉरेन्स विद्यापीठ बोस्टन विद्यापीठाच्या बरोबरीने पहिल्या विभागात खेळते, आणि तेथून जेमतेम दहा मैलांवरील पॉट्सडॅमचे क्लार्कसनही तसेच खेळते. सहाही कॉन्फरन्सच्या विजेत्यांना राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा मिळते आणि उरलेल्या दहा जागा हंगामातील कामगिरीच्या गणितावर वाटल्या जातात. त्यामुळे बलाढ्य कॉन्फरन्समधला चौथा-पाचवा संघही राष्ट्रीय स्पर्धेत जाऊ शकतो आणि दुबळ्या कॉन्फरन्समधला दुसरा घरी बसतो. एवढे खेळापुरते पुरे.

पण कॉन्फरन्सकडे केवळ बळाची उतरंड म्हणून पाहणे ही पालकांची सर्वांत मोठी गफलत होय. कॉन्फरन्स हा महाविद्यालयांनी आपसात केलेला एक तहनामा असतो, आणि त्या तहनाम्याची कलमे बहुतांशी अभ्यास, प्रवासाचे दिवस, सामन्यांची संख्या आणि पैसा यांच्याविषयी असतात. याचा सर्वांत बोधप्रद दाखला हॉकी ईस्टच्या जन्मकथेत आहे. १९८० नंतरच्या काळात पूर्वेकडील जवळजवळ सगळी पहिल्या विभागातील महाविद्यालये ई.सी.ए.सी.च्या एकाच छत्राखाली नांदत होती; हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कॉर्नेल, ब्राउन आणि डार्टमथ ही आयव्ही लीगमधील सहा त्यांतच होती. हंगाम किती लांबवावा, सामने किती खेळावेत, अभ्यासाचे बंधन किती कडक असावे, याविषयी या सहांचे आणि इतरांचे पटेना, आणि आयव्हीवाले निराळी चूल मांडणार अशी वदंता १९८३ मध्ये पसरली, तेव्हा बोस्टन कॉलेज, बोस्टन विद्यापीठ, नॉर्थईस्टर्न, प्रॉव्हिडन्स आणि न्यू हॅम्पशर यांनी आधीच बाहेर पडून नव्या कॉन्फरन्सची घोषणा केली. मेन आणि लोवेल त्यांना मिळाले, १९८४-८५ चा हंगाम हॉकी ईस्टचा पहिला ठरला, आणि गंमत अशी की ज्यांच्या जाण्याच्या धास्तीने हे सारे घडले ते आयव्हीवाले अखेर ई.सी.ए.सी.मध्येच राहिले. आजही ते तेथेच आहेत. चाळीस वर्षे लोटली तरी या फाळणीची रेघ पुसली गेलेली नाही, आणि मुलासाठी कॉन्फरन्स निवडताना पालकाला प्रत्यक्षात त्या रेघेची एक बाजूच निवडावी लागते.

आयव्ही लीगचा शिरस्ता असा की खेळासाठी म्हणून एक छदामही शिष्यवृत्ती द्यायची नाही. द्रव्यसाहाय्य मिळेल ते घरच्या सांपत्तिक स्थितीवरून, खेळाडू असो वा नसो. इतर संघ ऑक्टोबरच्या आरंभी मैदानात उतरतात, आयव्हीचे संघ बरेच मागाहून; इतरांना नियमित हंगामात ३४ सामन्यांची मुभा, आयव्हीवाले २९ वर थांबतात. भरती होणाऱ्या खेळाडूचे शालेय गुण आणि परीक्षेचे गुण एकत्र करून त्याचा ‘अकॅडेमिक इंडेक्स’ काढला जातो, आणि खेळाडूंचा एकत्रित निर्देशांक त्या महाविद्यालयातील सर्वसाधारण विद्यार्थ्यांच्या पातळीहून फार खाली घसरू नये असा दंडक आहे. या व्यवस्थेतला एक बारकावा मराठी पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावा. प्रशिक्षकाला हिशेब सरासरीचा जुळवायचा असल्यामुळे, ज्याच्या खेळावर सामना जिंकायचा तो मुलगा अभ्यासात बेताचा निघाला तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कोणीतरी उत्तम गुणांचा घालावा लागतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या फळीत खेळण्याचा वकूब असलेला पण अभ्यासात अव्वल असा मुलगा आयव्हीच्या प्रशिक्षकाला जितका मोलाचा वाटतो तितका तो अन्यत्र वाटेलच असे नाही. अर्थात तेथे पोचल्यावर बर्फावर उतरायला किती मिळेल हा प्रश्न वेगळा, आणि तो उघडपणे विचारला पाहिजे.

अभ्यासाची अट एकच असते असा समज अनेकांचा असतो. वास्तविक ती तीन मजली आहे. तळमजला एन.सी.ए.ए.चा : माध्यमिक शाळेच्या चार वर्षांत मान्यताप्राप्त १६ मूलभूत विषय, त्यांत इंग्रजीची चार वर्षे, गणिताची तीन, शास्त्राची दोन, समाजशास्त्रांची दोन आणि उरलेले ठरावीक गटांतून, या विषयांची सरासरी किमान २.३, आणि १६ पैकी १० विषय बारावी सुरू होण्यापूर्वी पुरे झालेले, ज्यांत ७ इंग्रजी, गणित व शास्त्र यांतील. एस.ए.टी.सारख्या परीक्षेची राष्ट्रीय पातळीवरील अट २०२३ मध्ये रद्द झाली. आपल्या घरांतील मुलांना २.३ ही सरासरी हास्यास्पद वाटेल, आणि म्हणूनच ती फसवते. कारण अडचण गुणांची नसून मुदतीची असते. चार वर्षांचे ते घड्याळ नववीत पाऊल टाकताच सुरू होते आणि वेळेवर शाळा सुटल्यानंतर केवळ एका जादा विषयाची सवलत उरते. दहावीत एखाद्या स्पर्धक संघासाठी शाळा बदलली, मध्येच ऑनलाइन शाळेचा आसरा घेतला, त्या शाळेतला विषय मान्य यादीत नव्हता, असे बारावीच्या वसंतात ध्यानात आले तर नंतरची दोन वर्षे ज्युनियर हॉकी खेळत काढूनही तो खड्डा भरून येत नाही. वय वाढते, खेळ सुधारतो, दाखला मात्र अठराव्या वर्षीचाच राहतो.

दुसरा मजला कॉन्फरन्सचा, त्याविषयी आयव्हीच्या निमित्ताने सांगितलेच. तिसरा मजला महाविद्यालयाच्या स्वतःच्या प्रवेश कचेरीचा, आणि सर्वांत कडक तोच. हॉकी खेळणाऱ्या आयव्हींपैकी बहुतेकांनी महासाथीच्या काळात ऐच्छिक केलेली प्रवेशपरीक्षा पुन्हा सक्तीची केली आहे. बोस्टन कॉलेज, नोत्र दाम, मिशिगन यांना कॉन्फरन्सचे बंधन आयव्हीइतके नाही, पण त्यांच्या कचेऱ्या काही आंधळ्या नाहीत. तेथे एखाद्या असामान्य खेळाडूसाठी दार थोडे अधिक उघडते, सामान्य खेळाडूसाठी उघडत नाही. आणि आत गेल्यावरही तपासणी संपत नाही : दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पदवीचा ४० टक्के, तिसऱ्याच्या अखेरीस ६०, चौथ्याच्या अखेरीस ८० टक्के अभ्यासक्रम पुरा झालेला नसेल तर खेळता येत नाही. शाखा बदलण्याची हौस असणाऱ्या मुलाला हे प्रमाण जाचक ठरते, कारण इतिहासात घेतलेले तास अभियांत्रिकीच्या पदवीच्या हिशेबात धरले जात नाहीत.

आता भरतीच्या व्यवहाराकडे वळू. मुलांच्या हॉकीत प्रशिक्षकाला विद्यार्थ्याशी बोलण्याची मुभा दहावीच्या वर्षातील १ जानेवारीपासून मिळते, आणि तोंडी देकार व महाविद्यालयाच्या खर्चाने भेट या गोष्टी अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून. या तोंडी देकाराला दोन्ही बाजूंनी कायद्याचे बंधन नाही. स्थळ पसंत आहे असा निरोप आणि साखरपुडा यांतले अंतर आपल्याला ठाऊक असते, पण इंग्रजीत बोलणे झाले की ते अंतर का विसरले जाते कोण जाणे. ‘आम्हांला तुझा खेळ फार आवडतो’ याचा अर्थ आम्ही तुझ्यासारख्या बऱ्याच मुलांवर नजर ठेवून आहोत. ‘आम्ही तुझी प्रगती पाहत राहू’ याचा अर्थ तूर्त जागा नाही. ‘तुला आमच्या संघात स्थान आहे’ हे वाक्य प्रथमच कामाचे, पण तेही अपुरे. कारण त्यात कोणत्या वर्षी, किती पैशाने आणि प्रवेश कचेरीच्या संमतीने की तिच्याविना, हे तिन्ही मुद्दे मोकळे राहतात.

ही संमती मिळवण्याची रीत अशी असते. अकरावी संपता संपता प्रशिक्षक तुमच्याकडून गुणपत्रक, बारावीत घेणार त्या विषयांची यादी, परीक्षेचे गुण आणि शाळेची माहितीपत्रिका मागवून घेतो, ते कागद प्रवेश कचेरीतील नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे ठेवतो, आणि अधिकारी ते वाचून आपला कल सांगतो. बारावीत गणित सोडू नये, एक शास्त्र आणखी घ्यावे, अशा सूचनाही करतो. या पूर्ववाचनानंतर प्रशिक्षकाला मुलाने विचारावयाचे प्रश्न मी येथे त्याच शब्दांत देतो : ‘कचेरीने माझे कागद पाहिले का? काय म्हणाले? बारावीत काय राखले तर त्यांचे मत बदलणार नाही? तुमच्या शिफारशींची संख्या मर्यादित आहे काय, आणि त्यांतील एक माझ्यासाठी खर्च करणार आहात काय?’ यांपैकी शेवटचा प्रश्न उद्धट वाटेल, परंतु तो उद्धट नाही. अशा शिफारशी मोजक्या असतात हे प्रशिक्षकाला ठाऊक असते आणि तुम्हांलाही ठाऊक आहे असे कळले की संभाषण एकदम स्वच्छ होते. प्रश्न मुलानेच विचारावे. बापाने पुढे होऊन बोलणे हा आपल्याकडचा शिष्टाचार असेल, पण त्या खोलीत तो मुलाचा कमकुवतपणा गणला जातो. आयव्हीमध्ये होकार पक्का असेल तर प्रवेश कचेरी ऑक्टोबरपासून पुढे ‘लाइकली लेटर’ म्हणून लेखी पत्र पाठवते. ते हातात पडेपर्यंत इतर महाविद्यालयांचे अर्ज फाडून टाकू नयेत.

हॉकीचे एक वैशिष्ट्य इतर खेळांत नाही, आणि मराठी घरांना तेच सर्वांत अधिक अस्वस्थ करते. बारावी झाल्या झाल्या पहिल्या विभागात खेळणारे मुलगे थोडे. बहुसंख्य एक-दोन वर्षे यू.एस.एच.एल., एन.ए.एच.एल. किंवा ब्रिटिश कोलंबियातील बी.सी.एच.एल. यांसारख्या ज्युनियर लीगमध्ये काढतात आणि विसाव्या वर्षी महाविद्यालयात पाऊल टाकतात. आयोवा किंवा नेब्रास्कातील एखाद्या गावी परक्या कुटुंबात राहायचे, सकाळी व्यायाम, दुपारी सराव, शनिवार-रविवार बसचा प्रवास, आणि मधल्या वेळात काय करायचे ते कोणी सांगत नाही. वर्ष वाया जाणे या कल्पनेचीच ज्यांना धडकी भरते त्या आईबापांना हे पटणे अवघड आहे. माझे मत असे की एक वर्ष पत्करावे, दुसरे विचारपूर्वक पत्करावे, आणि दोन्ही वर्षे एखादा अर्धवेळ पण खरा अभ्यासक्रम चालू ठेवावा. अर्धवेळ हा शब्द महत्त्वाचा. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून कोठेही नाव नोंदवले की महाविद्यालयीन पात्रतेची मुदत धावू लागते, आणि हौसेने घेतलेल्या त्या एका सत्राची किंमत शेवटच्या हंगामात मोजावी लागते.

ज्युनियर लीगच्या निवडीतील एक मोठी कोंडी अलीकडे फुटली. कॅनडातील तीन प्रमुख लीग, ओंटारिओची, पश्चिमेची आणि क्वेबेकची, मिळून ज्याला सी.एच.एल. म्हणतात तेथे एक सामना खेळला तरी मुलगा व्यावसायिक समजला जाई आणि अमेरिकन महाविद्यालयाचे दार त्याला बंद होई. पंजाबी वंशाचा जुझार खैरा मिशिगन टेकमध्ये एक हंगाम खेळून पश्चिमेच्या लीगमध्ये गेला. पुढे तो एन.एच.एल. या सर्वोच्च व्यावसायिक लीगपर्यंत पोचला ही गोष्ट निराळी, पण तो निर्णय घेताना परतीची वाट राहत नाही हे त्याला पत्करावे लागले होते. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी एन.सी.ए.ए.ने हा निर्बंध उठवला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून सी.एच.एल.चे खेळाडू पात्र ठरले. त्याच उन्हाळ्यात त्या लीगमधील अग्रगण्य तरुण गॅव्हिन मॅकेना याने पेन स्टेट पत्करले. टोरांटोच्या मराठी पालकांना सोळाव्या वर्षी जो उभा-आडवा निर्णय करावा लागे तो आता करावा लागत नाही, हे सुख. परंतु कॅनडातील ते शेकडो कसलेले खेळाडू आता त्याच जागांसाठी रांगेत उभे आहेत, हे त्या सुखाचे मोल.

त्यात आणखी भर पडली आहे. एप्रिल २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेल्या विद्यार्थ्याला कितीही वेळा महाविद्यालय बदलून लगेच खेळता येते, म्हणून प्रशिक्षक अठरा वर्षांच्या मुलावर मेहनत घेण्यापेक्षा दुसरीकडचा बावीस वर्षांचा तयार खेळाडू आणणे पसंत करू लागले आहेत. जून २०२५ मध्ये खेळाडूंच्या मोबदल्याविषयीच्या दाव्यात न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीप्रमाणे, तीत सामील झालेल्या महाविद्यालयांना पूर्वीची १८ शिष्यवृत्त्यांची मर्यादा राहिली नाही, पण संघात २६ हून अधिक खेळाडू ठेवता येत नाहीत. म्हणजे ज्याला शिष्यवृत्ती नसली तरी चालेल, नुसते संघात असणेच पुष्कळ, अशा कष्टाळू मुलाची जागाच या महाविद्यालयांतून नाहीशी झाली. आयव्ही लीग या तडजोडीत सामील झाली नाही.

पैशाची बाब आपल्याकडे संकोचाने बोलली जाते, म्हणून स्पष्ट लिहितो. मोठ्या खाजगी महाविद्यालयाचा वर्षाचा एकूण खर्च आता ८०,००० डॉलरांच्या वर जातो. आयव्हीचे साहाय्य सांपत्तिक स्थितीवर असल्यामुळे दोघेही नोकरी करणाऱ्या अभियंत्यांच्या घराला तेथे थोडेच मिळते किंवा काहीच मिळत नाही. हार्वर्डने २०२५-२६ पासून २,००,००० डॉलरांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना शिकवणीचे शुल्क माफ केले ते मोठेच पाऊल, पण त्या रेषेच्या वर असणाऱ्यांचा हिशेब त्याने बदलत नाही. हॉकी ईस्ट किंवा एन.सी.एच.सी.मधील अर्धी शिष्यवृत्ती आणि आयव्हीतील पूर्ण शुल्क यांची तुलना करताना चार वर्षांची बेरीज कागदावर मांडावी आणि वैद्यकीय किंवा विधी शिक्षण पुढे उभे असेल तर तीही त्याच कागदावर घ्यावी. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील खर्चाचा आकडेमोड करणारा तक्ता दहावीतच भरून पाहिला तर पुढचा मनस्ताप वाचतो. शिष्यवृत्तीचा देकार आला तर तो एका वर्षाचा की अनेक, दुखापत झाली तर काय, हे लेखी घ्यावे. कॅनडाहून किंवा भारतीय पारपत्रावर एफ-१ व्हिसाने शिकणाऱ्या मुलांनी जाहिरातीच्या आणि महाविद्यालयाच्या उत्पन्नातील वाट्याच्या पैशाला हात लावण्यापूर्वी परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत खातरजमा करावी. त्या व्हिसाला नोकरीची बंधने आहेत, आणि सहकाऱ्याला चालते ते आपल्याला चालेलच असे नाही.

आता प्रत्यक्ष कॉन्फरन्सची निवड. ई.सी.ए.सी.मध्ये सामने बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी, आणि महाविद्यालयांच्या जोड्या लावलेल्या : कॉर्नेल-कोलगेट, येल-ब्राउन, हार्वर्ड-डार्टमथ, क्लार्कसन-सेंट लॉरेन्स, एका शुक्रवारी एकाशी, दुसऱ्या दिवशी त्याच्या जोडीदाराशी, प्रवास बसने. हॉकी ईस्टमधील निम्मे संघ बोस्टनपासून तासाभराच्या अंतरात असल्यामुळे परगावचा सामना खेळूनही मूल रात्री आपल्या खोलीत झोपते. एन.सी.एच.सी.मध्ये डेन्व्हर, ग्रँड फोर्क्स, ओमाहा, डलूथ आणि २०२४ पासून ॲरिझोनाचे टेम्पी, अशा अंतरांसाठी विमानावाचून गत्यंतर नसते आणि गुरुवार बहुधा बुडतो. ज्याला रसायनशास्त्राची प्रयोगशाळा शुक्रवारी दुपारी आहे त्याने हा फरक केवळ भूगोलाचा समजू नये. महाविद्यालयाच्या संघपृष्ठावर प्रत्येक खेळाडूची शाखा दिलेली असते. ती यादी उघडून पाहावी. सव्वीसांपैकी वीस जण एकाच सोयीच्या विषयात असतील आणि अभियांत्रिकीत किंवा जीवशास्त्रात एकही नसेल, तर तेथील प्रशिक्षक ‘आमच्याकडे कोणतीही शाखा घेता येते’ असे कितीही म्हणो, उत्तर त्या यादीत आहे. शक्य झाल्यास तिसऱ्या वर्षातील एखाद्या खेळाडूशी, प्रशिक्षक जवळ नसताना, सरावाच्या वेळा आणि प्रयोगशाळा यांविषयी बोलावे.

खेळाच्या दृष्टीने अभ्यासू कॉन्फरन्स दुय्यम, असे मानणाऱ्यांनी २०१३ आणि २०१४ ही दोन वर्षे आठवावीत : पहिल्या वर्षी येलने, दुसऱ्या वर्षी शेनेक्टडीच्या लहानशा युनियन कॉलेजने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, आणि दोघांपाशीही खेळासाठीची एकही शिष्यवृत्ती नव्हती. त्याही आधी केन ड्रायडन या टोरांटोच्या मुलाने ज्युनियर लीगचा राजमार्ग सोडून कॉर्नेल पत्करले, १९६७ मध्ये त्या महाविद्यालयाला पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देण्यात गोलरक्षक म्हणून मोठा वाटा उचलला, मॉन्ट्रियलकडून सहा वेळा स्टॅनली कप जिंकता जिंकता मॅकगिलमधून कायद्याची पदवी घेतली, एक अख्खा हंगाम खेळ सोडून वकिलीची उमेदवारी केली, आणि पुढे तो कॅनडाचा मंत्रीही झाला. असा पुरुष शतकात एखादा, हे मान्य. तरी युनियन आणि येल यांचे यश हे गेल्या दशकातले. आजच्या पैशाच्या आणि स्थलांतराच्या राज्यात ते पुन्हा घडणे पूर्वीहून कठीण झाले आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

कॉन्फरन्स कायमची असते असेही नाही. २०१० मध्ये टेरी पेगुला या तेलवायूच्या धनिकाने पेन स्टेटला हॉकीसाठी ८.८ कोटी डॉलर दिले, त्यामुळे बिग टेनला हॉकीची स्वतंत्र स्पर्धा भरवण्याइतके संघ मिळाले, २०१३ मध्ये ती सुरू होताच जुनी सी.सी.एच.ए. मोडली, शेजारच्या मातब्बरांनी स्थापलेली एन.सी.एच.सी. खेळू लागली, आणि मागे राहिलेल्यांनी २०२१ मध्ये सी.सी.एच.ए. पुन्हा उभी केली. एका देणगीने अर्ध्या देशाचा नकाशा बदलला. संघही टिकतातच असे नाही : २०२१ मध्ये पिट्सबर्गजवळच्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने पुरुष आणि महिला दोन्ही संघ एका घोषणेने बंद केले, ते पुन्हा बर्फावर आले २०२३ मध्ये, अलाबामाच्या हंट्सव्हिलचा संघ २०२१ मध्येच थांबला तो थांबलाच. म्हणून निर्णयापूर्वी मुलाला एकच सरळ प्रश्न विचारावा : उद्या गुडघा कामातून गेला किंवा संघच मोडीत निघाला तरी या महाविद्यालयात चार वर्षे राहशील का? उत्तर देताना मूल घुटमळले तर ते महाविद्यालय यादीतून काढावे.

मुलींचे गणित काहीसे निराळे आणि माझ्या मते अधिक सरळ आहे. त्या बहुधा अठराव्या वर्षीच महाविद्यालयात जातात, मधली ज्युनियर वर्षे नसतात, प्रशिक्षकाशी बोलणे दहावीनंतरच्या १५ जूनपासून खुले होते, आणि विस्कॉन्सिन, मिनेसोटा, ओहायो स्टेट यांची डब्ल्यू.सी.एच.ए. ही या खेळातील सर्वांत कडवी कॉन्फरन्स गणली जाते. व्यावसायिक पी.डब्ल्यू.एच.एल. जानेवारी २०२४ पासून सुरू झाली असली तरी बहुतेक मुलींच्या खेळाचा उत्कर्ष महाविद्यालयातच होतो, त्यामुळे पदवीला प्राधान्य देण्याविषयी तेथे फारसा वाद उद्भवत नाही.

तिसऱ्या विभागाला मात्र आपली माणसे विनाकारण नाके मुरडतात. मिडलबरी, विल्यम्स, ॲम्हर्स्ट, बोडन, हॅमिल्टन ही महाविद्यालये नेस्कॅक या कॉन्फरन्समध्ये खेळतात, खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, त्यांचा अधिकृत सराव नोव्हेंबरवाचून सुरू होत नाही, आणि त्यांच्या प्रवेश कचेऱ्या आयव्हीच्या तोडीच्या आहेत. येथेही पूर्ववाचनाची तीच पद्धत आणि प्रशिक्षकाच्या शिफारशीला तसेच वजन. मिडलबरीने १९९५ ते १९९९ सलग पाच आणि २००४ ते २००६ सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आहेत. पहिल्या विभागाच्या कोपऱ्यातील बाकावर चार वर्षे बसण्यापेक्षा येथे चार वर्षे प्रत्यक्ष खेळून अर्थशास्त्राची किंवा जीवशास्त्राची उत्तम पदवी घेणे अनेक मुलांना अधिक मानवेल, आणि तरीही आपल्या मंडळांच्या संमेलनांत ‘डिव्हिजन वन’ एवढेच सांगण्याच्या मोहापायी कित्येक आईबाप ही वाट पाहतसुद्धा नाहीत.

नियम सध्या दरवर्षी बदलत आहेत, तेव्हा येथे दिलेली प्रत्येक तारीख आणि अट अर्ज करण्यापूर्वी एन.सी.ए.ए.च्या पात्रता केंद्राशी आणि ज्या महाविद्यालयात जावयाचे तेथील नियमपालन अधिकाऱ्याशी पत्राने ताडून पाहावी, आणि उत्तर लेखी मागावे. त्याआधी करावयाचे काम एकच आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेच्या मान्य मूलभूत विषयांची यादी एन.सी.ए.ए. प्रसिद्ध करते आणि ती कोणालाही पाहता येते. मूल नववीत गेल्याबरोबर, पहिल्या सत्राचे विषय निश्चित होण्यापूर्वी, शाळेच्या मार्गदर्शक शिक्षकासमोर बसून ती यादी आणि मुलाचे वेळापत्रक एकमेकांशी ताडून घ्यावे.